दिसणाऱ्या कुबड्या, न दिसणारी जखम : लेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांचे जीवन

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक आजारी दिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस जाहीर केला आणि १९९३ पासून तो साजरा होऊ लागला. त्या दिवशी धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण केली जाते, वृद्धांना व अपंगांना हाताला धरून चर्चमध्ये आणले जाते, अभ्यंग संस्कार दिला जातो. हे सारे योग्यच आहे. तथापि देहाच्या दुखण्याला लागून मनाचेही दुखणे असते, त्याकडे आपले लक्ष कितपत जाते, असा प्रश्न आम्हांला अनेकदा पडतो. आपल्या आयुष्यात आणि लेखनात या प्रश्नाला सामोऱ्या गेलेल्या एका कॅथोलिक लेखिकेचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

मेरी फ्लॅनरी ओकॉनर यांचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी, दूतसंदेशाच्या सणाच्या दिवशी, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरी झाला. एडवर्ड आणि रेजिना या आयरिश वंशाच्या दांपत्याचे हे एकुलते एक अपत्य. अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात प्रॉटेस्टंट पंथीयांची बहुसंख्या होती, कॅथोलिक मूठभर होते. ओकॉनर कुटुंबाचे घर मात्र कॅथेड्रलपासून हाकेच्या अंतरावर होते. प्रार्थना, संस्कार आणि धर्मभगिनींची शाळा यांच्या सहवासात फ्लॅनरी वाढल्या.

त्यांच्या वडिलांना ल्युपस हा आजार जडला. या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारक शक्ती शरीराच्याच सांध्यांवर, त्वचेवर आणि मूत्रपिंडांवर उलटते. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. १९४१ साली वडील वारले, तेव्हा फ्लॅनरी अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या. कुटुंब तोवर आईच्या माहेरगावी, मिलेजव्हिल येथे राहावयास आले होते.

या गावाची एक ओळख आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जॉर्जिया राज्याचे मनोरुग्णालय १८४२ पासून येथेच होते आणि पुढे ते देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक झाले. एखाद्याला मिलेजव्हिलला पाठवले असे म्हटले की ऐकणाऱ्याने काय ते समजावे, अशी त्या राज्यात रीतच पडली होती. मनाच्या आजाराचे नावही न घेता गावाच्या नावाआड तो लपवला जाई.

फ्लॅनरी यांनी १९४५ साली मिलेजव्हिलच्या महाविद्यालयातून पदवी घेतली. नंतर आयोवा विद्यापीठात त्यांनी लेखनकलेचे शिक्षण घेतले. तेथे असताना त्यांनी लिहिलेली प्रार्थनांची वही २०१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चांगली लेखिका होण्याची इच्छा देवासमोर मांडताना त्या इच्छेत अहंकार किती, हेही एक तरुणी तपासून पाहते, असे तिचे स्वरूप आहे. पुढे कनेक्टिकट राज्यात रॉबर्ट आणि सॅली फिट्झजेराल्ड या कॅथोलिक दांपत्याच्या घरी राहून त्या आपली पहिली कादंबरी लिहीत होत्या. घरापासून दूर राहून लेखन करायचे, हे त्यांनी मनाशी ठरवले होते.

डिसेंबर १९५० मध्ये नाताळासाठी घरी परतताना आगगाडीतच त्यांची प्रकृती बिघडली. त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. प्रथम संधिवात असल्याचे वाटले. पुढील वर्षी डॉक्टरांनी निदान केले ते ल्युपसचे, वडिलांना नेणाऱ्या त्याच रोगाचे. आईने हे निदान मुलीपासून लपवून ठेवले. वडिलांचा मृत्यू जिने पाहिला होता, तिच्या मनाला हा धक्का सोसणार नाही, ही मातृहृदयाची भीती होती. सुमारे दीड वर्ष फ्लॅनरी आपल्याला संधिवात आहे असे समजून जगत होत्या. अखेर १९५२ च्या उन्हाळ्यात सॅली फिट्झजेराल्ड यांनी त्यांना खरे काय ते सांगितले. शंका त्यांच्या मनात होतीच. सत्य कळल्याबद्दल त्यांनी मैत्रिणीविषयी कृतज्ञताच बाळगली.

या प्रसंगाशी आम्ही थोडे थांबतो, कारण आपल्याही घरांत असेच घडते. आजाऱ्याला धक्का बसू नये म्हणून त्याच्याखेरीज साऱ्यांना निदान ठाऊक असते. हेतू प्रेमाचा असतो, पण त्यामुळे आजारी माणूस आपल्या भीतीसह एकटा पडतो. सर्वांच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचे त्याला दिसते, आणि विचारण्याची मात्र सोय नसते.

आजारामुळे फ्लॅनरी यांना मिलेजव्हिलनजीकच्या अँडालुसिया या शेतावर आईसोबत कायमचे राहावे लागले. आई तेथे दुग्धव्यवसाय सांभाळीत असे. जिना चढणे जमत नसल्याने तळमजल्यावरील बैठकीची खोली हीच त्यांची झोपण्याची व लिहिण्याची खोली झाली. औषधांच्या मोठ्या मात्रांनी प्राण वाचले, परंतु चेहरा सुजला, केस गळले आणि विचारांचे चक्र रात्रंदिवस थांबेना. देहावरचा उपचार मनावर कसा परिणाम करतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले. पुढे नितंबाचे हाड झिजत गेले आणि १९५५ पासून कुबड्या आल्या. घरी परतणे म्हणजे आपल्या लेखनाचा शेवट, असे त्यांना आरंभी वाटले होते. तो खरा आरंभ होता, हे त्यांना नंतर उमगले.

त्यांचा दिनक्रम साधा होता. सकाळी आईसोबत गावातील पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये मिस्सा, मग दुपारपर्यंत टंकलेखन यंत्रासमोर लेखन. शक्ती थोडी होती, ती लेखनाच्या त्या दोन-तीन तासांसाठी राखून ठेवायची. दुपारनंतर पाहुणे, पत्रव्यवहार आणि आवडीने पाळलेले मोर. रात्री निजण्यापूर्वी संत थॉमस अक्विनास यांचे वाचन. अशा दिवसांतून दोन कादंबऱ्या आणि तीसहून अधिक कथा निर्माण झाल्या.

त्यांच्या कथांत अपंग पात्रे वारंवार येतात. १९५५ सालच्या ‘गुड कंट्री पीपल’ या कथेतील हुल्गाचा पाय लहानपणी शिकारीतील अपघातात गेलेला आहे. तिने तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली आहे, तिचा कशावरही विश्वास नाही, आणि लाकडी पायाला ती जणू आपला आत्मा मानून जपते. बायबल विकणारा एक लबाड तरुण तो पायच पळवून नेतो. पाय गेल्याने हुल्गाचे मन अधू झालेले नाही. इतरांच्या कीव करणाऱ्या नजरांपासून वाचण्यासाठी तिने स्वतःभोवती जी कटुतेची भिंत बांधली, तिने ते अधू झाले आहे. लेखिका स्वतः कुबड्या घेऊन चालत होती, म्हणून ही परीक्षा तिने स्वतःचीच केली असे आम्ही मानतो.

दुसरी कथा ‘द लेम शॅल एंटर फर्स्ट’, १९६२ सालची. शेपर्ड नावाचा एक विधुर समाजसेवक वाकड्या पायाच्या एका गुन्हेगार मुलाला घरी आणतो. त्याला खास बूट करून देतो, त्याच्या बुद्धीचे कौतुक करतो. स्वतःचा लहान मुलगा मात्र मृत आईच्या आठवणीने झुरत असतो. त्याचे हातपाय धड आहेत, म्हणून त्याच्या दुःखाला बाप स्वार्थ समजतो. वाकडा पाय दिसतो, तुटलेले मन दिसत नाही. बापाचे डोळे उघडतात तेव्हा फार उशीर झालेला असतो, मुलाने आपले जीवन संपवलेले असते. आम्हांला ही कथा प्रत्येक धर्मगुरूने आणि प्रत्येक पालकाने वाचावी अशी वाटते.

करुणा कशी असावी याचे उत्तर फ्लॅनरी यांना अटलांटा येथे मिळाले. तेथील डॉमिनिकन धर्मभगिनी कर्करोगाच्या गरीब रुग्णांची मोफत सेवा करीत. मेरी अॅन नावाची, चेहऱ्यावर अर्बुद असलेली एक बालिका त्यांच्याकडे नऊ वर्षे राहिली आणि १९५९ साली बाराव्या वर्षी निवर्तली. तिचे चरित्र लिहिण्याची विनंती धर्मभगिनींनी फ्लॅनरी यांना केली. ज्यांनी तिला सांभाळले त्यांनीच लिहावे, असे फ्लॅनरी यांनी सुचविले, संपादन केले आणि १९६१ साली निघालेल्या त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. ख्रिस्तापासून तुटलेली कोमलता शेवटी दुबळ्यांच्या जिवावर उठते, असा गंभीर इशारा त्या प्रस्तावनेत आहे. त्या धर्मभगिनींनी मेरी अॅनची कीव केली नाही, तिला खेळू दिले, हसू दिले.

फ्लॅनरी यांनीही अशीच सोबत केली. अटलांटा येथील बेटी हेस्टर या स्त्रीशी त्यांनी १९५५ पासून अखेरपर्यंत पत्रव्यवहार ठेवला. बेटींना आपल्या गतायुष्याची लाज वाटत होती. ते कळल्यावरही फ्लॅनरी यांची मैत्री ढळली नाही. १९५६ साली बेटींच्या दृढीकरण संस्काराच्या वेळी त्या धर्ममाता झाल्या. पुढे १९६१ साली बेटींनी ख्रिस्तसभा सोडली, तरी पत्रे थांबली नाहीत.

१९५८ साली, दर्शनांच्या शताब्दी वर्षात, एका वृद्ध नातेवाईक स्त्रीच्या आग्रहाखातर फ्लॅनरी आईसोबत लूर्दला गेल्या. रोममध्ये त्यांना पोप पायस बारावे यांची भेटही लाभली. लूर्दच्या पाण्यात उतरण्याची त्यांची इच्छा नव्हती, तरी त्या उतरल्या. मात्र आपल्या हाडांपेक्षा अपुऱ्या कादंबरीसाठी त्यांनी अधिक प्रार्थना केली. त्या वर्षाअखेरीस हाड काहीसे भरून येत असल्याचे डॉक्टरांना आढळले. नातेवाइकांना तो चमत्कार वाटला. फ्लॅनरी यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. कुबड्या कायमच्या सुटल्या नाहीत, कादंबरी मात्र १९६० साली प्रसिद्ध झाली.

फेब्रुवारी १९६४ मधील एका शस्त्रक्रियेनंतर ल्युपस पुन्हा उफाळला. इस्पितळातही उशीखाली कागद ठेवून त्या लिहीत होत्या. जुलैमध्ये त्यांना अभ्यंग संस्कार देण्यात आला आणि ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १९७२ साली त्यांच्या समग्र कथांना अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

फ्लॅनरी यांना आम्ही संतपद देऊ इच्छीत नाही. त्यांच्या काही पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी अनुचित उद्गार आढळतात. त्यामुळे २०२० साली बाल्टिमोरच्या लॉयोला विद्यापीठाने आपल्या वसतिगृहाच्या इमारतीवरील त्यांचे नाव काढले. अपंग व्यक्ती म्हटली की ती एकतर बिचारी किंवा संत, अशा दोनच खुर्च्या आपण मांडून ठेवतो. फ्लॅनरी यांपैकी कोणत्याही खुर्चीत बसत नाहीत. त्या गुणदोषांसह एक माणूस होत्या.

प्रिय भाविकहो, मनाचा आजार म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. तापासाठी आपण डॉक्टरांकडे जातो आणि प्रार्थनाही करतो. खिन्नतेसाठीही तसेच करावे. आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आपण त्याच्या घरी जातो, तेव्हा पायाची चौकशी झाल्यावर थोडा वेळ अधिक बसावे. रात्री झोप लागते का, मन कशाने जड होते, हे विचारावे आणि उपदेश न करता ऐकावे. मग शेजारच्या खोलीत उभी असलेली त्याची आई, पत्नी किंवा भावंड यांनाही तेच विचारावे. त्यांच्या हाती कुबड्या नसतात, म्हणून त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते.