मायलेकींचे कोडे

कॉलेजात असताना मी अगाथा ख्रिस्ती आईपासून लपवून वाचत असे. खुनाच्या गोष्टी तिला आवडत नसत. आज माझी लेक कॉलेजात आहे आणि आमच्यात आठवडा आठवडा अबोला असतो. म्हणूनच की काय, हल्ली मला ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांपेक्षा तिच्या घरचीच गोष्ट अधिक गूढ वाटते.

गोष्ट सुरू होते तिच्या आईपासून. क्लॅरा लहान असतानाच तिचे वडील वारले. पदरी चार मुले असलेल्या आईने तिला श्रीमंत मावशीकडे वाढायला पाठवले. हेतू भल्याचाच होता. पण भावंडांतून आपल्यालाच का दिले, ही सल क्लॅराच्या मनातून कधी गेली नाही. पुढे १८९० साली टॉर्कीला जन्मलेल्या धाकट्या अगाथाला तिने जिवापाड जपले.

एप्रिल १९२६ मध्ये ही आई गेली. अगाथा माहेरचे घर आवरत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवऱ्याने दुसरीवर प्रेम असल्याचे सांगितले. ३ डिसेंबरच्या रात्री, सात वर्षांची रोझलिंड झोपेत असताना, अगाथा मोटार घेऊन निघून गेली. मोटार सापडली, ती सापडेना. सारा देश शोध घेऊ लागला. अकरा दिवसांनी ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. तिथे नाव नोंदवले होते ते नवऱ्याच्या प्रेयसीच्या आडनावाने! इतरांची शेकडो गुपिते फोडणाऱ्या या बाईच्या आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांविषयी अवाक्षर नाही.

मात्र मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने तिने सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या १९५२ सालच्या ‘अ डॉटर्स अ डॉटर’मध्ये प्रेत नाही, पोलीस नाहीत. लेकीच्या हट्टापायी एक विधवा आई दुसरे लग्न सोडते. तो सल आत धुमसत राहतो. पुढे लेक चुकीच्या माणसाशी लग्न करू लागते, तेव्हा आई तिला अडवतही नाही. त्यागाचा हिशेब असा चुकता होतो. वाचताना मला धडकी भरली, कारण लेकीसाठी मी काय काय सोडले, हे मीही तिला वरचेवर ऐकवत असते.

१९७६ मध्ये अगाथा गेली. त्या रात्री झोपेत मागे राहिलेल्या रोझलिंडने पुढे आईचे लेखन डोळ्यांत तेल घालून जपले. ‘ग्रीनवे’ हे आईचे लाडके घरही तिने २००० साली नॅशनल ट्रस्टला दिले. म्हणजे सारे काही माफ केले होते का? कुणास ठाऊक! पण सांभाळले मात्र तिने.

काल मी ती कादंबरी लेकीच्या टेबलावर ठेवली. आज सकाळी पाहिले, तर तिच्यात बसचे तिकीट खूण म्हणून घातलेले होते. मी काही बोलले नाही. चहा मात्र दोघींचा टाकला.