रविवारचा संगीतकार

लंडनच्या पश्चिम भागात हॅमरस्मिथ नावाची वस्ती आहे. तिथल्या ब्रूक ग्रीन या हिरवळीजवळ मुलींची एक शाळा आहे, सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल. या शाळेनं १९१३ साली संगीतासाठी नवी इमारत बांधली आणि तिच्यातली एक खोली संगीत शिकवणाऱ्या मास्तरांना दिली. बाहेरचा आवाज आत येणार नाही आणि आतला बाहेर जाणार नाही अशी त्या खोलीची रचना होती. आठवडाभर मास्तर मुलींना शिकवत. रविवारी शाळेत चिटपाखरूही नसे, तेव्हा ते या खोलीत येऊन बसत आणि स्वतःचं संगीत लिहीत. पुढे जगभर गाजलेली ‘द प्लॅनेट्स’ ही सात ग्रहांची संगीतमाला १९१४ ते १९१६ या काळात अशा रविवारांच्या आणि सुट्ट्यांच्या आधारानं तयार झाली. मास्तरांचं नाव गुस्ताव होल्स्ट.

पाश्चात्त्य संगीताची थोडीफार आवड असणाऱ्यांना होल्स्ट माहीत असतो तो या ग्रहमालेमुळे. पण शाळेत चार पोरं वाद्यं हातात घेऊन बसली आहेत आणि त्यांच्याकडून काय वाजवून घ्यावं या विवंचनेत एखादे शिक्षक पडले आहेत, तर त्यांच्या उपयोगी पडणारा होल्स्ट वेगळा आहे. तो शाळामास्तर होल्स्ट. त्याची ही गोष्ट.

होल्स्टचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधल्या चेल्टनम गावी झाला. पणजोबा रीगाहून इंग्लंडात आलेले. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संगीत. वडील अ‍ॅडॉल्फ ऑर्गन वाजवत आणि पियानोच्या शिकवण्या करत. गुस्ताव आठ वर्षांचा होण्याआधीच आई वारली. पोरगा किरकोळ प्रकृतीचा, डोळे अधू, त्यात दमा. मुलानं पियानोवादक व्हावं ही वडिलांची इच्छा. पण उजव्या हाताच्या नसांचं दुखणं असं जडलं की ते जन्मभर सुटलं नाही. पियानोवादक होण्याची वाट तिथेच बंद झाली. दम्यावर उपाय म्हणून वडिलांनी त्याच्या हाती ट्राँबोन दिला. छातीत जोर यावा एवढाच हेतू होता, पण त्या पितळी नळीनं पुढे त्याला पोटाला अन्न दिलं.

१८९३ मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. तिथे १८९५ साली राल्फ व्हॉन विल्यम्स हा मित्र मिळाला. दोघं आपापलं कच्चं लिखाण एकमेकांपुढे ठेवत आणि मुलाहिजा न ठेवता त्यातले दोष दाखवत. हा परिपाठ अखेरपर्यंत चालला. शिक्षण संपल्यावर होल्स्ट ऑपेरा कंपनीच्या आणि स्कॉटिश ऑर्केस्ट्राच्या वाद्यवृंदांत ट्राँबोन वाजवू लागला. सुट्टीच्या हंगामात समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत हौशी लोकांसाठी वाजवणाऱ्या एका बँडमध्येही तो होता. व्हिएन्नाहून आल्याचा आव आणून, झगमगीत पोशाख चढवून वॉल्ट्झ वाजवायचे. त्याला या कामाचा तिटकारा होता. पण मागच्या रांगेत बसून वीस-वीस मोजण्या गप्प राहायचं आणि मग नेमकी एक फुंकर मारायची, हे ज्यानं केलं आहे त्याला बँडमधल्या शेवटच्या माणसाचं मन कळतं. पुढे त्यानं जे लिहिलं त्यात हे ज्ञान जागोजागी दिसतं.

१९०१ साली त्याचं इझोबेल हॅरिसनशी लग्न झालं. वादकाच्या फिरतीच्या मिळकतीवर संसार चालेना, म्हणून त्यानं शिकवायला सुरुवात केली. १९०५ मध्ये सेंट पॉल्स शाळेत नेमणूक झाली, ती मरेपर्यंत टिकली. १९०७ मध्ये मॉर्ली कॉलेज आलं. दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या कामकरी स्त्री-पुरुषांची ही संस्था.

या दोन्ही ठिकाणी परिस्थिती कशी असेल, हे शाळेत गॅदरिंग बसवलेल्या कोणालाही सांगायला नको. जे येतील ते आपले. एखादा तयारीचा, चारजण जेमतेम, दोघं नुकतेच लागलेले. पुस्तकातल्या वाद्यवृंदात जी वाद्यं हवीत त्यांपैकी निम्मी नाहीत, आणि जी आहेत त्यांच्यासाठी पुस्तकात काही लिहिलेलं नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे सोपं आणि गुळचट काहीतरी बाजारातून आणायचं. पालक टाळ्या वाजवतातच. होल्स्टनं दुसरी वाट धरली. मुलींसाठी त्या काळी रूढ असलेली भावविवश गाणी त्यानं बाजूला सारली आणि बाख, पर्सेल, बर्ड, व्हिक्टोरिया अशा जुन्या थोरांचं संगीत आणलं. संगीत उत्तमच घ्यायचं आणि ते समोर बसलेल्यांच्या मापानं बेतायचं. शिंपी कापड हलकं घेत नाही, माप नीट घेतो, तसं.

मॉर्ली कॉलेजात १९११ साली त्यानं पर्सेलचं ‘द फेअरी क्वीन’ सादर केलं. सतराव्या शतकानंतर हे संगीत पूर्ण असं कोणी ऐकलंच नव्हतं. वादकांना देण्यासाठी सुटे भाग उपलब्ध नव्हते. तेव्हा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी संध्याकाळी बसून शेकडो पानं हातानं उतरवून काढली. मोठ्या संस्थांना जे सुचलं नव्हतं ते दिवसभर काम करून थकलेल्या माणसांनी केलं.

याच वर्षांत त्याच्या मनात आपला देश होता, हे मराठी वाचकांना वाचून नवल वाटेल. १९०० च्या सुमारास त्याला संस्कृत ग्रंथांची ओढ लागली. भाषांतरांवर समाधान होईना, म्हणून लंडनमध्ये मेबल बोड या विदुषीकडे तो संस्कृत शिकला आणि कोशाच्या मदतीनं ऋग्वेदातल्या सूक्तांचे अनुवाद स्वतः करून त्यांना त्यानं संगीत दिलं. ‘मेघदूता’वरही एक मोठी रचना केली; १९१३ मध्ये ती सादर झाली आणि पडली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो ‘सीता’पासून ‘सावित्री’पर्यंतचा प्रवास. रामायणावरच्या ‘सीता’ या भव्य ऑपेरावर त्यानं सहा-सात वर्षं खर्ची घातली. प्रचंड वाद्यवृंद, तीन अंक, सगळा थाट जर्मन वाग्नरचा. तो एका स्पर्धेला पाठवला. बक्षीस मिळालं नाही, आणि त्याच्या हयातीत तो कधी रंगमंचावर आला नाही.

त्यानंतर १९०८ साली त्यानं लिहिलं ‘सावित्री’. आपल्याकडे वटपौर्णिमेला घरोघर सांगितली जाते तीच कथा. पात्रं तीन : सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वादक अवघे बारा. वेळ सुमारे अर्धा तास. उघड्यावर किंवा लहानशा दिवाणखान्यात करता यावं असं बेतलेलं. सुरुवातीला वाद्यं नाहीतच. मृत्यूचा एकटा आवाज दुरून येतो आणि सावित्री त्याला उत्तर देते. ‘सीते’त शंभर वाद्यांनी जे साधलं नाही ते इथे बारा वाद्यांनी साधलं. याचं श्रेय शाळेला आणि मॉर्ली कॉलेजला द्यायला हवं असं मला वाटतं. कमी माणसांत भागवण्याची सवय लागली की काय नसलं तरी चालेल हे कळू लागतं.

हीच समज १९०९ मध्ये त्यानं लष्करी बँडसाठी लिहिलेल्या पहिल्या ‘स्वीट’मध्ये दिसते. स्वीट म्हणजे लहान लहान तुकड्यांची माळ. त्या काळी बँड वाजवत ते मार्च, नाहीतर ऑपेरांतल्या गाजलेल्या तुकड्यांच्या नकला. बँडसाठीच म्हणून कोणी गंभीरपणे लिहीत नसे. होल्स्टनं लिहिलं, आणि लिहिताना एक व्यवहारी गोष्ट केली. हस्तलिखितातल्या भागांपैकी जवळजवळ निम्म्या भागांवर त्यानं ऐच्छिक अशी खूण केली. ती वाद्यं असली तर शोभा वाढेल, नसली तरी रचना उभी राहील. वीसेक वादकांवर काम भागावं, अशी तजवीज. घर बांधताना भिंती आणि खांब कोणते आणि सज्जा कोणता हे त्यानं नकाशातच दाखवून ठेवलं.

रचनाही तशीच चोख. पहिल्या भागात आठ मात्राखंडांची एक धून आधी खालच्या पितळी वाद्यांत येते आणि मग पुन्हा पुन्हा येत राहते. तबल्याच्या एकल वादनात लेहरा फिरत राहतो आणि त्यावर तबलजी आपलं काम करतो, त्याची आठवण यावी. एकदा ही धून वरच्या वाद्यांत, एकदा खाली, मध्येच ती उलटी करून मांडली आहे. पुढचे दोन्ही भाग याच धुनेतून फुटलेले. म्हणजे मुलांनी एक ओळ नीट बसवली की अख्ख्या रचनेची किल्ली त्यांच्या हाती येते. या रचनेच्या वादनाची पहिली पक्की नोंद १९२० सालची, नेलर हॉल या लष्करी संगीतशाळेतली आहे. पुढे छापील आवृत्तीत वाद्यांची भर पडून ती फुगली. मूळ हस्तलिखित पाहून कॉलिन मॅथ्यूज यांनी सुधारलेली आवृत्ती निघाली ती १९८४ साली.

१९११ मध्ये त्यानं बँडसाठी दुसरा स्वीट लिहिला, इंग्लंडच्या लोकगीतांवर. त्याच्या शेवटच्या भागात ‘डार्गासन’ नावाची नाचाची चाल आहे. ही चाल संपतच नाही. शेवट येतो तोच पुन्हा आरंभ होतो. फुगडीसारखी ती गरगरत राहते. आणि ती फिरत असतानाच तिच्यावर ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे संथ, हुरहुर लावणारं जुनं गीत अलगद येऊन बसतं. दोन्हींची गती वेगळी, तरी एकमेकींना धक्का नाही.

आता शाळेचं पाहा. होल्स्टला शाळेच्या वाद्यवृंदासाठी काही लिहायचं होतं. मुलींकडे होती ती तारवाद्यं. बँडची पितळी वाद्यं आणि ढोल नव्हते. त्यानं सरळ आपल्याच बँडच्या रचनेतला हा शेवटचा भाग उचलला आणि तारवाद्यांसाठी नव्यानं बांधला. ‘सेंट पॉल्स स्वीट’चा तो अखेरचा भाग. बँडमध्ये शेवटी एक गंमत आहे : सर्वांत बारीक आवाजाचा पिकोलो आणि सर्वांत जाड आवाजाचा ट्यूबा हे दोघंच उरतात, जणू मुंगी आणि हत्ती. शाळेच्या रचनेत या दोघांना शोधत बसण्यात अर्थ नव्हता. तिथे एकटं व्हायोलिन उंच उंच चढत जातं. संथ गीत त्यानं चेलोंना दिलं, कारण तो त्यांचा स्वभावच. नुसती वाद्यांची अदलाबदल करून त्यानं भागवलं नाही. मूळ गंमत कशात होती ते ओळखून तिचा जोडीदार नव्या वाद्यांत शोधला. रूपांतराचं सारं मर्म यात आलं.

त्याच स्वीटमधला दुसरा भाग पाहण्यासारखा आहे. दुय्यम व्हायोलिनवाल्या मुलींच्या वाट्याला एरवी काय येतं? पहिल्या रांगेच्या सावलीत राहून कंटाळवाणे स्वर भरायचे. इथे एक चक्राकार सुरावट द्रुत गतीनं त्याच सुरू करतात आणि सगळा डोलारा त्यांच्यावर उभा राहतो. ती सुरावट बोटांना फार जड नाही, पण ती थांबली तर सगळंच थांबेल. मागच्या बाकावरच्या मुलीला असं काम देणारा मास्तर तिला वर्षभर पुरेल इतका आत्मविश्वास देऊन जातो. तारवाद्यांसाठीच्या या रचनेला होल्स्टनं फुंकवाद्यांचे भागही जोडून दिले, म्हणजे बासरी वाजवणारी मुलगी दाराबाहेर राहायला नको.

बँकेत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी कादंबऱ्या लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे असल्या चरित्रात मी नकळत एकच प्रश्न शोधत असतो : नोकरीनं या माणसाचं नुकसान किती केलं? होल्स्टच्या बाबतीत नुकसान झालंच नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तो सतत थकलेला असे. हात इतका दुखे की ‘द प्लॅनेट्स’चा पसारा कागदावर उतरवायला शाळेतल्या सहकारी व्हॅली लास्कर आणि नोरा डे यांची मदत घ्यावी लागली. २९ सप्टेंबर १९१८ रोजी एड्रियन बोल्टच्या दिग्दर्शनाखाली ती रचना प्रथम खासगी कार्यक्रमात वाजली, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्यावर कीर्तीचा असा वर्षाव झाला की तो गांगरून गेला. १९२३ मध्ये संगीत दिग्दर्शन करताना व्यासपीठावरून पडून डोक्याला मार बसला. पुढचं वर्ष सक्तीच्या विश्रांतीत गेलं. मॉर्ली कॉलेज सुटलं, इतर कामं सुटली. सेंट पॉल्स शाळा मात्र त्यानं सोडली नाही.

पण शाळा नसती तर ‘सावित्री’ झाली असती का, असंही मी स्वतःला विचारतो. ती बारा वाद्यं, दुसऱ्या रांगेतल्या मुलींची ती सुरावट, निम्म्या भागांवरची ती ऐच्छिकची खूण, हे सगळं नोकरीतल्या गरजेतून आलेलं आहे. त्यानं अडचणीला कलेची शत्रू मानलं नाही आणि शाळेचं काम डाव्या हातानं उरकलं नाही.

आपल्या शाळांत बिगुल, ढोल, बासऱ्या आणि एखादी पेटी एवढ्यावर पंधरा ऑगस्टची तयारी चालते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला आकार दिला. तेव्हा लहान मुलांचा लहान वाद्यमेळ ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आपल्या शिक्षकांना होल्स्टच्या रचना हव्यातच असं नाही, त्याची रीत पुरेल. आधी माणसं मोजावीत, मग चाल निवडावी. चालीतला कणा कोणता ते पाहून तो सर्वांत भरवशाच्या मुलांकडे द्यावा. जे वाद्य नाही त्याचं काम दुसऱ्याच्या स्वभावाला मानवेल अशा बेतानं सोपवावं. आणि सर्वांत कच्च्या मुलालाही असं काहीतरी द्यावं, जे त्यानं वाजवलं नाही तर सगळ्यांना चुकल्यासारखं वाटेल.

१९३२ मध्ये होल्स्ट अमेरिकेत हार्वर्डला शिकवायला गेला आणि तिथे आजारी पडला. त्या दुखण्यातून तो पुरता उठलाच नाही. तरी १९३३ साली त्यानं शाळेतल्या लहान मुलींच्या वाद्यवृंदासाठी ‘ब्रूक ग्रीन स्वीट’ लिहिला. ‘द प्लॅनेट्स’चा कर्ता, साठीला टेकलेला, आणि लिहितो आहे ते नवशिक्या मुलींच्या बोटांना झेपेल असं. १९३४ च्या मार्चमध्ये त्या मुलींनी तो वाजवला आणि त्यानं ऐकला. २५ मे १९३४ रोजी शस्त्रक्रियेनंतर त्याचं निधन झालं. वय एकोणसाठ.

होल्स्ट स्वतः कधी हिंदुस्थानात आला नाही. त्याची एकुलती एक मुलगी इमोजेन मात्र आली. तीही संगीतकार आणि शिक्षिका. १९५०-५१ च्या हिवाळ्यात ती शांतिनिकेतनला राहिली. ज्या देशाची भाषा वडील रात्री कोश उघडून शिकले, त्या देशाचं संगीत तिनं तिथल्या लोकांजवळ बसून ऐकलं आणि उतरवून घेतलं.