सॅम्युएल कोल्ट

सॅम्युएल कोल्ट (१९ जुलै, १८१४ – १० जानेवारी, १८६२) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. फिरत्या सिलिंडरचे पिस्तूल, म्हणजेच रिव्हॉल्व्हर, व्यवहारोपयोगी करून त्याचे यंत्राच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. रिव्हॉल्व्हरची मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हती. एलिशा कॉलियर यांनी चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचे ब्रिटिश पेटंट १८१८ मध्येच घेतले होते.

प्रारंभिक जीवन

कोल्ट यांचा जन्म अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड येथे झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. १८३० मध्ये ते कॉर्व्हो या जहाजावरून कलकत्त्याच्या सफरीवर गेले. या प्रवासात त्यांनी रिव्हॉल्व्हरची लाकडी प्रतिकृती कोरली. जहाजाचे सुकाणूचक्र पाहून ही कल्पना सुचल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. परतल्यावर नमुने तयार करवून घेण्यासाठी पैसा हवा होता. तो त्यांनी डॉक्टर हे बिरुद लावून, गावोगावी हास्यवायूचे प्रयोग दाखवून मिळवला.

पॅटरसन येथील अपयश

कोल्ट यांना १८३५ मध्ये इंग्लंडचे, तर २५ फेब्रुवारी, १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले. घोडा मागे ओढताच सिलिंडर एक घर पुढे सरकून नळीच्या रेषेत पक्का बसावा, हे या रचनेचे मर्म होते. प्रत्येक घरात पुढून दारू व गोळी ठासावी लागे आणि मागच्या बाजूस स्फोटक टोपी बसवावी लागे.

१८३६ मध्येच न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना सुरू झाला. तथापि शस्त्र महाग आणि नाजूक असल्याने अमेरिकी लष्कराने १८३७ च्या चाचणीनंतर ते नाकारले. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतर कोल्ट विजेने उडवायच्या जलसुरुंगांच्या प्रयोगांकडे वळले.

पुनरुत्थान

पॅटरसनची काही रिव्हॉल्व्हरे टेक्सास रेंजर्सच्या हाती पोहोचली होती. १८४४ मध्ये कोमांची योद्ध्यांशी झालेल्या चकमकीत त्यांची उपयुक्तता दिसून आली. ज्यांच्या भूमीवर ही लढाई झाली त्या कोमांचींच्या दृष्टीने मात्र हे शस्त्र विनाशाचे साधन ठरले. पुढे मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना कॅप्टन सॅम्युएल वॉकर यांच्या सूचनांनुसार सहा गोळ्यांचे, सुमारे दोन किलो वजनाचे नवे रिव्हॉल्व्हर सिद्ध झाले. १८४७ मध्ये सरकारने १,००० नगांची मागणी नोंदवली. स्वतःचा कारखाना नसल्याने कोल्ट यांनी ते एली व्हिटनी (धाकटे) यांच्या कारखान्यात बनवून घेतले. वॉकर त्याच वर्षी युद्धात मारले गेले.

हार्टफर्डचा कारखाना

१८५५ मध्ये कनेक्टिकट नदीकाठी कोल्ट यांचा मोठा कारखाना उभा राहिला. एलिशा रूट या कुशल तंत्रज्ञाने तेथील यंत्रसामग्रीची आखणी केली. सुटे भाग यंत्रांवर घडवले जात. तरीही अखेरची जुळणी करताना कारागिराला कानस चालवावी लागे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर काही वर्षे लंडनमध्येही त्यांचा कारखाना होता. राष्ट्रप्रमुखांना नक्षीदार शस्त्रे भेट देऊन मागणी मिळवण्यात आणि पेटंटभंगाचे दावे लढवण्यात ते निष्णात होते.

मृत्यू

वयाच्या ४७ व्या वर्षी, अमेरिकी यादवी युद्ध सुरू असताना कोल्ट यांचे निधन झाले. १८६४ मध्ये कारखान्याचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. पत्नी एलिझाबेथ यांनी तो पुन्हा उभारला आणि १९०१ पर्यंत कंपनीची मालकी सांभाळली. पीसमेकर या नावाने ख्यात झालेले १८७३ चे रिव्हॉल्व्हर कोल्ट यांच्या मृत्यूनंतरचे आहे.

संग्राहकांच्या दृष्टीने

मूळ वॉकर रिव्हॉल्व्हरे सुमारे १,१०० च बनल्यामुळे त्यांची किंमत सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर असते. १८४९ चे खिशात मावणारे पॉकेट रिव्हॉल्व्हर मात्र तीन लाखांहून अधिक बनले. त्याचे झिजलेले नग त्यामानाने स्वस्त मिळतात. त्याहून कमी खर्चात जुने रिव्हॉल्व्हर हवे असल्यास संग्राहक आयव्हर जॉन्सन किंवा हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या कंपन्यांच्या मधोमध मोडून उघडणाऱ्या लहान रिव्हॉल्व्हरांकडे वळतात. एकेकाळी ती सामान्य ग्राहकांसाठीच बनवली जात.

कोल्टचे रिव्हॉल्व्हर पारखताना नळी, चौकट व सिलिंडर यांवरील क्रमांक एकच आहेत का, सिलिंडरवर कोरलेले चित्र कितपत शिल्लक आहे आणि मूळ निळसर झिलई नंतर घासून नव्याने चढवलेली तर नाही ना, हे पाहिले जाते. जीर्ण पण अस्सल नग चकचकीत केलेल्या नगापेक्षा मोलाचा मानला जातो. आधुनिक प्रतिकृती पुष्कळ असल्याने ही पारख आवश्यक ठरते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे पुरातन गणली जातात. अन्य देशांतील नियम वेगळे आहेत.