ऑर्गनच्या भात्यावर उडालेलं विमान

रात्री अकरानंतर आपल्या हॉस्टेलमध्ये कॉम्प्युटरसमोर दोन प्रकारची मंडळी सापडतात. एक गेम खेळणारी आणि दुसरी आम्ही, एरोमॉडेलिंग क्लबवाले. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच! पण आमच्या हातात की-बोर्ड नसतो, खऱ्या मॉडेल विमानाचा रेडिओ ट्रान्समीटर असतो. त्याच्या मागून एक वायर निघते, कॉम्प्युटरला जाते आणि स्क्रीनवर विमान उडतं. ज्युनियर मंडळी विचारतात, हा टाइमपास कशाला, सरळ ग्राउंडवर जाऊ की. त्यांच्यासाठी मी एडविन लिंक या माणसाची गोष्ट सांगायचं ठरवलंय. जमिनीवर बसून उडायला शिकवणारं यंत्र यानेच खऱ्या अर्थाने उभं केलं.

लिंकचा जन्म २६ जुलै १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. तो सहा वर्षांचा असताना वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी बुडीत निघालेला पियानो-ऑर्गनचा कारखाना विकत घेतला. पोरगं त्याच कारखान्यात लहानाचं मोठं झालं. आपल्याकडे संगीत नाटकात जो पायाने भाता मारायचा ऑर्गन असायचा, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना यातली मेख लगेच कळेल. ऑर्गन म्हणजे सगळा हवेचा खेळ: भाते, झडपा, नळ्या. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरायची आणि कुठल्या झडपेतून हवा जायची ते ती भोकं ठरवायची. म्हणजे आपल्या भाषेत प्रोग्रॅमच की! हे सगळं लिंकच्या हाताखालून गेलेलं.

१९२० साली त्याने विमान शिकायचं मनावर घेतलं. पहिल्या धड्याचे पन्नास डॉलर मोजले. त्या काळी ही केवढी रक्कम! शिकवणाऱ्याने तासभर आकाशात कोलांट्या मारून दाखवल्या, पण दांडीला हात काही लावू दिला नाही. पुढे लिंक उडायला शिकला खरा, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. शिकण्यासाठी इतका पैसा आणि इतका धोका कशाला? सुरुवातीच्या सवयी जमिनीवरच का लावू नयेत?

मग कारखान्याच्या तळघरात काम सुरू झालं. ऑर्गनचे भाते त्याने लाकडाच्या एका बुटक्या विमानाखाली बसवले. आत बसणाऱ्याने दांडी हलवली की झडपा उघडायच्या, पंप भात्यातली हवा ओढायचा आणि विमान त्या बाजूला कलायचं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. जागच्या जागी गोल फिरायचीही सोय होती. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९३१ मध्ये ते मिळालं.

आणि गिऱ्हाईक? कोणीच नाही! उडायला शिकवणाऱ्या शाळांना हे खेळणं वाटलं. यंत्रं खपली ती करमणुकीच्या बागांत, आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखी. त्यात मंदीचे दिवस. लिंकने पोटापाण्यासाठी विमानाच्या पंखाखाली दिवे लावून रात्री आकाशात जाहिराती दाखवायचा धंदा केला. कुठला दिवा कधी पेटवायचा हे ठरवायला पुन्हा तीच पियानोची भोकं पाडलेली गुंडाळी! माणूस एकदा शिकलेलं काही वाया घालवत नव्हता.

चित्र पालटलं ते १९३४ मध्ये, आणि पालटलं ते वाईट कारणाने. त्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने खासगी कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द करून ते काम लष्कराच्या वैमानिकांना दिलं. या वैमानिकांना दिवसा, स्वच्छ हवेत उडायची सवय. टपाल मात्र रात्री, धुक्यात, बर्फात न्यायचं. ढगात शिरल्यावर आपला कानातला तोल आपल्यालाच फसवतो. विमान वळत असतं आणि शरीर सांगतं, सगळं सरळ आहे. तेव्हा अंगाचं न ऐकता समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो आणि तो सरावाशिवाय बसत नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले.

मग लष्कराला लिंकची आठवण झाली. त्याला न्यूअर्कला बोलावलं. त्या दिवशी हवा इतकी खराब होती की हा येईल असं बघायला आलेल्या अधिकाऱ्यांना वाटलं नव्हतं. लिंक धुक्यातून काट्यांच्या भरवशावर आला आणि व्यवस्थित उतरला! यापेक्षा चांगलं डेमॉन्स्ट्रेशन कुठलं? लष्कराने साडेतीन हजार डॉलरला एक अशी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे दहा हजार यंत्रं बनली आणि पाच लाखांवर माणसं त्यात शिकून बाहेर पडली.

आता आमच्या वायरकडे येऊ. लिंकच्या पेटीवर झाकण असायचं, बाहेरचं काही दिसायचं नाही; फक्त काटे आणि हालचाल. आमच्याकडे नेमकं उलट: दृश्य आहे, हालचाल नाही. पण मॉडेल उडवणारा तसाही जमिनीवरच उभा असतो, त्यामुळे आमचं काही अडत नाही. दोन्हीकडे खरी गोष्ट एकच, हाताची सवय. म्हणून ट्रान्समीटर तोच हवा जो उद्या ग्राउंडवर हातात असणार. की-बोर्डचं बटण दाबलं की सुकाणू एकदम पूर्ण वळतं. काडी मात्र अंगठ्याने केसभर सरकवता येते.

बऱ्याच ट्रान्समीटरच्या मागे ट्रेनर सॉकेट असतं. मुळात ते गुरू-शिष्यांचे दोन ट्रान्समीटर जोडायला. शिष्य गडबडला की गुरूने स्विच सोडायचा आणि विमान आपल्याकडे घ्यायचं. त्याच सॉकेटमधून प्रत्येक चॅनेलचा पल्स बाहेर येतो. काडी एका टोकाला असेल तर साधारण एक मिलिसेकंद, मधोमध दीड, दुसऱ्या टोकाला दोन. छोटा यूएसबी डोंगल हे पल्स मोजतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, जॉयस्टिक लागली. आता बऱ्याच नव्या ट्रान्समीटरना डोंगलही लागत नाही, यूएसबी वायर थेट लागते. मग दोन्ही काड्या चारी टोकांना फिरवून कॅलिब्रेशन करायचं आणि प्रत्येक चॅनेल बरोबर बाजूला हलतोय का ते बघायचं. उलटा चॅनेल तसाच ठेवून केलेला सराव चुकीचीच सवय लावतो. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं वाटतं. तिथेच नवशिक्यांची विमानं पडतात आणि तेच स्क्रीनवर शंभरदा पाडून शिकता येतं. फुकट!

लिंकची गोष्ट मात्र इथे संपत नाही. १९५४ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेली आणि तो समुद्राकडे वळला. त्याने बनवलेल्या नळकांड्यात १९६२ मध्ये रॉबर्ट स्टेन्युई भूमध्य समुद्रात दोनशे फुटांवर दिवसभराहून जास्त राहिला. पुढे लिंकने जॉन्सन सी लिंक नावाची छोटी पाणबुडी केली. १७ जून १९७३ ला फ्लोरिडाजवळ ती एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. आत चार जण. पुढचा कप्पा ॲक्रिलिकचा, त्यात ऊब टिकली. मागचा ॲल्युमिनियमचा. तो गार पडला आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन थंडीत नीट काम करेना. पाणबुडी वर काढेपर्यंत मागच्या दोघांचा जीव गेला होता. त्यातला एक लिंकचा एकतीस वर्षांचा मुलगा होता.

हीट ट्रान्सफरच्या पेपरात ॲल्युमिनियमची कंडक्टिव्हिटी आपण टेबलमधून उचलतो आणि पुढे जातो. त्या आकड्याने एका बापाचं काय केलं ते वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

लिंक मात्र थांबला नाही. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसाशिवाय पोचेल असं, कॅमेरे आणि कापायची हत्यारं बसवलेलं यंत्र बनवायला त्याने घेतलं. ७ सप्टेंबर १९८१ ला तो बिंगहॅम्टनमध्येच वारला.

आमच्या क्लबचा नियम आहे, सिम्युलेटरवर दहा तास झाल्याशिवाय ग्राउंडवर विमान हातात मिळत नाही. ज्युनियर मंडळींना तो जाचक वाटतो. पण त्या दहा तासांत विमान पाहिजे तेवढ्या वेळा पाडायची मुभा असते. १९३४ च्या त्या टपालवाल्या पोरांना ती एकदाही मिळाली नव्हती.