सर वॉल्टर स्कॉट यांचें कर्ज

'आयव्हॅन्हो' ही कादंबरी ज्यांनीं वाचली आहे, त्यांस तिच्या कर्त्याचें नांव ठाऊक असेलच. परंतु त्यांच्या आयुष्याचीं अखेरचीं सहा-सात वर्षें कशीं गेलीं, हें फारसें कोणी सांगत नाहीं. म्हणून तीच हकीकत येथें देत आहों.

वॉल्टर स्कॉट यांचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं झाला. दीड वर्षाचे असतां ताप येऊन त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठीं त्यांस आजोबांच्या शेतावर ठेविलें. तेथें जुन्या लढायांच्या गोष्टी व पवाडे त्यांच्या कानीं पडले. पुढें ते वकील झाले, कवि म्हणून नांवाजले, आणि १८१४ सालीं 'वेव्हर्ली' ही कादंबरी त्यांनीं निनांवी प्रसिद्ध केली. तिच्यामागून कादंबऱ्यांची रांगच लागली.

पैसा आला, तशी हांवही आली. ट्वीड नदीच्या कांठीं १८११ सालीं त्यांनीं एक लहानसें शेत घेतलें व तेथें अ‍ॅबट्सफर्ड नांवाचा वाडा उभारला. शेजारची जमीन ते सारखी विकत घेत गेले. पुष्कळदां ती न लिहिलेल्या पुस्तकांच्या आगाऊ पैशांतून! शिवाय बॅलंटाइन यांच्या छापखान्यांत त्यांची गुप्त भागी होती. छापखाना, प्रकाशक कॉन्स्टेबल व लंडनची एक पेढी हीं परस्परांच्या हुंड्यांवर चालत. दुसऱ्याच्या हुंडीवर सही करणें म्हणजे काय, हें व्यापारी पालकांस सांगावयास नको. १८२६ च्या जानेवारींत लंडनची पेढी बुडाली. तिच्यामागें कॉन्स्टेबल बुडाले, छापखानाही बुडाला. स्कॉट यांच्या डोक्यावर सुमारें १,२०,००० पौंडांचें कर्ज आलें. त्या वेळीं त्यांचें वय ५४ वर्षांचें होतें. ह्या संकटांत त्यांचा स्वतःचा दोष थोडा नव्हता, हें त्यांच्या चाहत्यांनींही कबूल केलें पाहिजे.

दिवाळें जाहीर करून मोकळें होण्याची वाट कायद्यानें खुली होती. कित्येक स्नेह्यांनीं मदतही देऊं केली. स्कॉट यांनीं दोन्ही नाकारलीं. आपली मिळकत व पुढील लेखनाचें उत्पन्न त्यांनीं धनकोंच्या विश्वस्तांच्या हवालीं केलें आणि केवळ मुदत मागितली. अ‍ॅबट्सफर्ड आदल्याच वर्षीं मुलाच्या लग्नप्रसंगीं त्याच्या नांवें झालें होतें, म्हणून तें राहिलें. एडिंबरोचें राहतें घर मात्र विकलें गेलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांची पत्नी वारली. कचेरीच्या कामासाठीं शहरांत आले म्हणजे भाड्याच्या खोलींत उतरून हा गृहस्थ पहांटेपासून लिहीत बसे. नेपोलियनचें नऊ भागांचें चरित्र १८२७ सालीं बाहेर पडलें. दोन वर्षांत धनकोंस सुमारें ४०,००० पौंड मिळाले! १८३० च्या अखेरीस धनकोंनीं त्यांचा ग्रंथसंग्रह व घरांतील सामान त्यांस आपण होऊन परत दिलें.

परंतु ह्या श्रमांची किंमत शरीरानें दिली. १८३० सालीं त्यांस अर्धांगाचा झटका आला; मागून आणखीही आले. शेवटच्या कादंबऱ्यांत पूर्वींची गोडी नाहीं, आणि ती असावी तरी कशी? १८३१ सालीं सरकारनें त्यांस आरमारी जहाजानें माल्टा व इटलीकडे हवा पालटण्यास पाठविलें. तेथें दुबळ्या झालेल्या मनानें ते समजूं लागले, कीं सर्व कर्ज फिटलें. तें फिटलें नव्हतें. परत आल्यावर एके दिवशीं त्यांनीं आपणांस लिहिण्याच्या मेजापाशीं बसविण्यास सांगितलें. मुलीनें हातीं लेखणी दिली, पण ती बोटांत राहिना, आणि त्यांच्या डोळ्यांतून आंसवें वाहूं लागलीं.

२१ सप्टेंबर १८३२ रोजीं अ‍ॅबट्सफर्ड येथें त्यांचा अंत झाला. त्यांच्या विम्याचे २२,००० पौंड आले; पुस्तकांच्या हक्कांवर प्रकाशक कॅडेल यांनीं ३०,००० पौंड दिले, व धनकोंचें मुद्दल फिटलें. कॅडेल यांचें देणें तेवढें उरलें. तेंही १८४७ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीं, त्यांच्याच पुस्तकांनीं फेडलें.