राजाजी आणि निवडणुकीचा पैसा

१९२२ च्या जानेवारीत चक्रवर्ती राजगोपालाचारी वेल्लोरच्या तुरुंगात होते. असहकाराचे दिवस, स्वराज्य उंबरठ्यावर आल्याची हवा. अशा वेळी सालेमच्या या वकिलाने रोजनिशीत भलतीच भीती नोंदवली. स्वराज्य येताच निवडणुका, त्यांतला भ्रष्टाचार आणि धनशक्तीची दंडेली सामान्यांचे जिणे नकोसे करील, असे त्यांना वाटत होते.

तसे ते मतदारांच्या दारी जाणारे पुढारी नव्हतेच. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत काँग्रेसचे बहुमत हुकले, तेव्हा राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्यांना विधान परिषदेवर नेमले आणि ते मुख्यमंत्री झाले. अशा नेत्याने निवडणूकशुद्धीचा आग्रह धरावा, यावर टीकाकारांनी बोट ठेवले तर त्यात वावगे काही नव्हते.

१९५९ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांनी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, स्वतंत्र पक्षाची घोषणा केली आणि पैशाचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या दारात आला. दोनच वर्षांपूर्वी, १९५७ मध्ये, टाटा पोलाद कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कंपन्यांच्या राजकीय देणग्यांतला धोका स्पष्ट दाखवला होता. मात्र कायद्याने त्या रोखता आल्या नाहीत. १९६० मध्ये संसदेने मर्यादा घातली: २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक ती. शिवाय पक्षाचे नाव आणि रक्कम ताळेबंदासोबतच्या नफा-तोटा पत्रकात दाखवणे आले.

हिशेब उघड झाला, हे चांगलेच. पण परवाना, परमिट आणि कोटा ज्यांच्या हाती, त्यांनाही तो दिसू लागला. विरोधी पक्षाला पैसे देणाऱ्या उद्योगपतीला धाडस लागे. जे. आर. डी. टाटांनी १९६१ मध्ये काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही मदत करण्याचा मनोदय नेहरूंना आधीच पत्राने कळवला. सगळ्यांना ते परवडणारे नव्हते. धनिकांचा पक्ष हा शिक्का मात्र राजाजींच्याच पक्षावर बसला.

त्यांचा उपाय त्यांच्या एरवीच्या विचारांच्या नेमका उलट होता. सरकारी नियंत्रणाविरुद्ध आयुष्याची अखेरची वर्षे वेचणाऱ्या या माणसाला निवडणूक ही एकच गोष्ट आधी सरकारने ताब्यात घ्यावी असे वाटे. मतदारांना पत्रे सरकारने द्यावीत, फिरती मतदान केंद्रे त्यांच्या घराजवळ न्यावीत, म्हणजे मतदार गोळा करण्यावरचा उमेदवाराचा खर्चच उरणार नाही.

१९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाने लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या. १९६९ मध्ये इंदिरा गांधी सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. पारदर्शक वाट बुजली आणि रोखीचे राज्य सुरू झाले. १९७१ मध्ये पक्ष ८ जागांवर आला. त्या पराभवाला इतर कारणेही होती. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजी मद्रासमध्येच निवर्तले.

देणग्यांवरची बंदी १९८५ मध्ये उठली. देणगीदाराचे नाव झाकणारे निवडणूक रोखे २०१८ मध्ये आले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले. राजाजींच्या सूचनांपैकी मतदारचिठ्ठ्या घरपोच देण्याचे काम निवडणूक यंत्रणेने पुढे अंगावर घेतले. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला ती अजून नाही.