अरण्यातील विद्यामाता : संत मदर थिओडोर गेरिन

दि. १५ ऑक्टोबर २००६ रोजी रोम येथील संत पेत्र चौकात पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी चार धन्यवादितांना संतपद बहाल केले. त्यांत दोन स्त्रिया होत्या आणि दोघींचेही जीवितकार्य मुलींच्या शिक्षणाचे होते. एक इटलीतील रोझा व्हेनेरिनी. दुसऱ्या मदर थिओडोर गेरिन. ह्यांचा जन्म फ्रान्समधला. पण त्यांचे कार्य बहरले ते अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या अरण्यात. तेथे त्यांनी सुरू केलेले मुलींचे निवासी विद्यालय पुढे ‘सेंट मेरी ऑफ द वुड्स कॉलेज’ म्हणून नावारूपास आले. अमेरिकेतील सर्वांत जुन्या कॅथलिक महिला महाविद्यालयांत त्याची गणना होते.

ख्रिस्तसभेने वेदीचा सन्मान दिलेल्या ह्याच धर्मभगिनीला एकेकाळी तिच्या बिशपांनी पदावरून दूर करून धर्मप्रांताबाहेर जाण्याचा हुकूम दिला होता. संतांची चरित्रे सांगताना असे प्रसंग आपण पुष्कळदा हलकेच बाजूला ठेवतो. मदर थिओडोर ह्यांच्या बाबतीत तसे करता येणार नाही, कारण त्यांच्या संतपणाची खरी कसोटी त्याच प्रसंगात लागली.

समुद्रकाठची ॲन-थेरेस

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एताब्ल नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे २ ऑक्टोबर १७९८ रोजी ॲन-थेरेस गेरिन हिचा जन्म झाला. फ्रेंच राज्यक्रांतीची झळ अद्याप ओसरली नव्हती. वडील लोराँ गेरिन नौदलात अधिकारी असल्यामुळे वर्षानुवर्षे घरापासून दूर असत. आई इझाबेल हिनेच मुलीला अक्षरओळख करून दिली आणि प्रार्थनाही शिकवली. दहाव्या वर्षी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले, त्याच दिवशी ॲन-थेरेसने आपल्याला धर्मभगिनी व्हायचे असल्याचे धर्मगुरूंना सांगून टाकले.

पण वाट सरळ नव्हती. दोन भाऊ लहानपणीच दगावले. १८१३ च्या सुमारास, रजेवर घरी परतणाऱ्या वडिलांना वाटेत दरोडेखोरांनी ठार मारले. त्या आघाताने आई खचली. पंधरा वर्षांच्या ॲन-थेरेसवर आजारी आईची, धाकट्या बहिणीची आणि घराची जबाबदारी आली. विसाव्या वर्षी तिने मठात जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा आईने ती नाकारली. एवढे गमावलेल्या मातेला ही लेकही दूर जाऊ देणे शक्य नव्हते. पुढे आईचेच मन वळले आणि १८२३ च्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ॲन-थेरेसने रुइये-सुर-ल्वार येथील ‘सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स’ ह्या संस्थेत प्रवेश केला. प्रॉव्हिडन्स म्हणजे परमेश्वराची आपल्या लेकरांवरील अखंड कृपादृष्टी, त्याने वाहिलेला त्यांचा योगक्षेम. पुढील सारे आयुष्य ह्या एका शब्दाच्या आधारावर उभे राहिले.

मठातील सुरुवातीच्या काळातच गंभीर आजाराने त्यांना गाठले. त्या वाचल्या, पण पचनसंस्था कायमची बिघडली आणि त्यानंतर जन्मभर साध्या, मऊ वा पातळ अन्नावरच त्यांना राहावे लागले. व्रते घेतल्यानंतर सिस्टर सेंट थिओडोर ह्या नावाने त्यांनी रेन शहरातील एका गरीब, बेशिस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत शाळा सांभाळली. नंतर सुलेन ह्या गावी बदली झाली. तेथे शिकवता शिकवता त्यांनी एका वैद्याकडून औषधोपचाराचे ज्ञान मिळवले. अध्यापनातील कौशल्याबद्दल शिक्षणखात्याकडून त्यांना पदकही मिळाले.

वाबॅशच्या पलीकडे

त्या काळी इंडियाना हा अमेरिकेच्या पश्चिम सीमेकडील मागास मुलूख होता. व्हिन्सेन्स धर्मप्रांताचे पहिले बिशप सायमन ब्रुटे हे मूळचे ब्रिटनीचेच. मुलांच्या शिक्षणासाठी धर्मभगिनी मिळाव्यात म्हणून त्यांनी १८३९ साली आपले सहकारी फादर सेलेस्टिन द ला हेलांदिएर ह्यांना फ्रान्सला पाठवले. त्याच वर्षी बिशप ब्रुटे ह्यांचे निधन झाले आणि फादर हेलांदिएर हेच त्यांचे उत्तराधिकारी झाले. रुइयेच्या मठप्रमुखांनी विनंती मान्य केली, परंतु त्यांच्या मते ही कामगिरी पेलू शकेल अशी एकच भगिनी होती : सिस्टर थिओडोर. आपली प्रकृती पाहता त्यांचे मन कचरत होते. प्रार्थनेअंती त्यांनी होकार दिला.

१८४० च्या जुलैअखेर पाच भगिनींसह त्यांनी फ्रान्सचा किनारा सोडला. अटलांटिक ओलांडून ४ सप्टेंबरला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. पुढचा प्रवास रेल्वे, घोडागाडी आणि वाफेच्या बोटीने झाला. २२ ऑक्टोबर १८४० रोजी संध्याकाळी, वाबॅश नदी ओलांडून, टेरे होट गावापासून काही मैलांवर गाडी अरण्यात थांबली. गाव नव्हते, रस्ता नव्हता, घरेही नजरेस पडत नव्हती. ओंडक्यांची एक झोपडी होती. तेच देऊळ आणि तेच धर्मगुरूंचे निवासस्थान. तेथे पवित्र साक्रामेंतापुढे त्या सहा जणींनी गुडघे टेकले.

राहण्यासाठी एका शेतकरी कुटुंबाच्या घराचा एक भाग मिळाला. चार उमेदवार तरुणी आधीच येऊन थांबल्या होत्या, तेव्हा एक खोली व वरचा माळा ह्यांत दहा जणींचा संसार थाटला गेला. हिवाळा कडाक्याचा होता, आणि इंग्रजी भाषा तर जवळजवळ कोणालाच येत नव्हती. देशाची रीतही शिकायची होती. कपडे धुण्यासाठी आलेली बाई एकदा सर्वांबरोबर जेवायला बसली. हे बरे दिसत नाही, असे मदर थिओडोर ह्यांनी फ्रान्सच्या शिरस्त्यानुसार सुचवले, तेव्हा अमेरिकन तरुणींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. ह्या देशात श्रम करणारा माणूस पंक्तीबाहेर बसत नाही, हे त्यांनी ओळखले. गुरू होण्यासाठी आलेल्या त्या आधी शिष्या झाल्या.

जंगलातील विद्यालय

भगिनींच्या मठासाठी म्हणून बांधावयास घेतलेली विटांची इमारत त्यांनी विद्यार्थिनींना देऊन टाकली आणि १८४१ च्या जुलैमध्ये मुलींचे निवासी विद्यालय सुरू झाले. वाचन, लेखन, गणित, इतिहास, भूगोल, फ्रेंच भाषा, शिवणकाम आणि संगीत हे विषय शिकवले जात. अमेरिकन पालकांना संगीताची किती ओढ आहे हे मदरांच्या ताबडतोब ध्यानात आले. संगीत शिकवणारी शिक्षिका मठात असणे हा तेथे चैनीचा भाग नव्हता, विद्यालयाच्या अस्तित्वाचा प्रश्न होता.

ह्या निवासी जीवनाला एक निश्चित वळण होते. प्रार्थना, पाठ, हस्तकला, आणि रिकाम्या वेळी वनराईत फेरफटका. कॅथलिक नसलेल्या घरांतील मुलीही येथे येत. आजूबाजूच्या समाजात कॅथलिकांविषयी संशय होता, तरी आपल्या मुली ह्या फ्रेंच भगिनींच्या हाती सोपवायला पालक तयार होत, कारण तेथे शिस्तीला प्रेमाची जोड होती. मुलींना आधी जिंकावे आणि मग शिकवावे, ही मदरांची भगिनींना शिकवण होती. शिक्षा करणाऱ्या हातापेक्षा धीर धरणारे मन त्यांना अधिक मोलाचे वाटे.

परीक्षा मात्र भगिनींचीच चालू होती. २ ऑक्टोबर १८४२ रोजी, मदरांच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवशी, धान्याच्या कोठाराला आग लागली आणि वर्षाचे पीक व शेतीची अवजारे भस्मसात झाली. ती मुद्दाम लावली गेल्याचा संशय होता. पुढल्या हिवाळ्यात उपासमारीची वेळ आली. कर्ज चढत गेले. १८४३ साली मदर एका तरुण भगिनीसह मदत मागण्यासाठी फ्रान्सला गेल्या. तेथे खुद्द राणी मारी-अमेली ह्यांनी साहाय्य केले. परतीच्या प्रवासात समुद्रावर भयंकर वादळ उठले, तेव्हा त्यांनी ब्रिटनीची आश्रयदात्री संत अन्ना हिचा धावा केला. सुखरूप परतल्यावर नवसाप्रमाणे तिच्या नावे छोटे देऊळ उभारले. ते पुढे दगडात पुन्हा बांधले गेले आणि त्याच्या आतील भिंती वाबॅश नदीतील शिंपल्यांनी सजवण्यात आल्या.

आज्ञापालन आणि सत्य

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. बिशप हेलांदिएर हे कष्टाळू व निष्ठावंत धर्माधिकारी होते. विस्तीर्ण धर्मप्रांतासाठी त्यांनी स्वतःला झिजवले होते आणि भगिनींना अमेरिकेत आणण्याचे श्रेयही त्यांचेच. परंतु प्रत्येक लहानसहान गोष्ट आपल्याच हाती असावी, हा त्यांचा स्वभाव होता. मदर फ्रान्समध्ये असताना त्यांनी मठाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप केला. नवी प्रमुख निवडण्यासाठी निवडणूकही घ्यायला लावली, पण भगिनींनी मदर थिओडोर ह्यांनाच निवडले. ज्या जमिनीवर मठ व विद्यालय उभे होते तिची मालकी भगिनींच्या नावे करून देण्यास ते तयार नव्हते. संस्थेची नियमावली कोणी ठरवावी, ह्यावरही मतभेद होते.

मदरांनी बिशपांविरुद्ध बंड केले नाही. त्यांच्याविषयी अनादराने बोलणे त्यांनी भगिनींनाही मना केले. मात्र आपल्या भगिनींची नियमावली आणि त्यांच्या घराचा हक्क ह्या दोन गोष्टी सोडून देणे त्यांच्या विवेकाला पटत नव्हते, कारण त्या त्यांच्या खासगी मालकीच्या नव्हत्या, त्यांच्याकडे सोपवलेल्या होत्या.

१८४७ च्या मे महिन्यात व्हिन्सेन्स येथे हा तणाव टोकाला गेला. बिशपांनी राजीनाम्याची मागणी केली आणि मदरांना आपल्या निवासातील एका खोलीत कोंडून ठेवले. भगिनी शोध घेत आल्या तेव्हा त्यांची सुटका झाली. त्या आता मठप्रमुख नाहीत, आपल्या व्रतांतून मुक्त झाल्या आहेत, त्यांनी धर्मप्रांत सोडून जावे आणि भगिनींना पत्रही लिहू नये, असा आदेश त्यांना देण्यात आला. ह्या धक्क्याने त्या आजारी पडल्या. प्रकृती चिंताजनक झाली. अरण्यातील भगिनींनी मदरांच्या पाठोपाठ धर्मप्रांत सोडण्याचा निश्चय करून सामान बांधायला घेतले. सात वर्षांचे श्रम मातीत जाणार, अशी वेळ आली.

आणि त्याच दिवसांत रोमहून बातमी आली. बिशप हेलांदिएर ह्यांनी स्वतःच सादर केलेला राजीनामा परमगुरूंनी स्वीकारला होता आणि जॉन स्टीफन बझिन ह्यांची नवे बिशप म्हणून नेमणूक झाली होती. मदर पुन्हा आपल्या घरी आल्या, पुन्हा आपल्या पदावर. विजयाची भाषा त्यांनी वापरली नाही. योगक्षेम वाहणाऱ्या परमेश्वराने आपले काम केले, एवढेच त्यांच्या वागण्यातून दिसले.

लक्षात घेण्याजोगे असे की, ह्याच संघर्षाच्या काळात, १८४६ साली, इंडियाना राज्याने ह्या विद्यालयाला स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी सनद दिली. ज्या घराच्या जमिनीचे कागद भगिनींच्या हाती नव्हते, त्या घरातील विद्येला राज्याची मान्यता मिळाली होती.

बीज आणि वृक्ष

उरलेली नऊ वर्षे मदर अविरत राबल्या. इंडियानातील गावोगावी शाळा निघाल्या, व्हिन्सेन्स येथे अनाथालये उभी राहिली, गरिबांना विनामूल्य औषधे देणारे दवाखाने चालू झाले. सहा भगिनींच्या जागी साठाहून अधिक झाल्या. १४ मे १८५६ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मदर थिओडोर ह्यांनी देह ठेवला.

विद्यालयाचे पुढे महाविद्यालय झाले. ओंडक्यांच्या झोपडीच्या परिसरात भव्य वसतिगृहे व सभागृहे उभी राहिली. भगिनींनी १९२० साली चीनमध्येही कार्य सुरू केले. १९७३ मध्ये महाविद्यालयाने संसार व नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी घरी राहून पदवी घेण्याचा अभ्यासक्रम आखला. दूरशिक्षण हा शब्द फारसा रुळलाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. काळाची पावले ओळखून २०१५ साली पुरुष विद्यार्थ्यांनाही तेथे प्रवेश खुला झाला.

१९०८ साली मदरांच्या थडग्यापाशी दुसऱ्या एका आजारी भगिनीसाठी प्रार्थना करणाऱ्या सिस्टर मेरी थिओडोसिया ह्या स्वतःच्याच असाध्य व्याधीतून बऱ्या झाल्या. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९८ साली मदरांना धन्यवादित घोषित केले. संतपदासाठी मान्य झालेला दुसरा चमत्कार महाविद्यालयाच्या परिसरातच काम करणाऱ्या, कॅथलिक नसलेल्या एका कर्मचाऱ्याच्या दृष्टीसंबंधी होता. कॅथलिक नसलेल्यांच्या मुलींनाही आपल्या वर्गात बसवणाऱ्या मदरांना हे साजेसेच झाले.

३ ऑक्टोबर हा त्यांचा सण. आपल्या धर्मग्रामांतही कधी मतभेद होतात. अधिकार आणि विवेक ह्यांची ओढाताण होते. अशा वेळी कोणी मुकाट्याने सारे सोडून देतो, तर कोणी कडवट होऊन ख्रिस्तसभेचीच पाठ धरतो आणि निघून जातो. मदर थिओडोर ह्यांनी तिसरी वाट चोखाळली. त्या सत्य बोलल्या, अधिकाराचा मान राखला, हाती सोपवलेले राखले आणि बाकीचे परमेश्वरावर सोपवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्ग भरवला. संत मदर थिओडोर, आमच्या शिक्षणसंस्थांसाठी व तेथे शिकणाऱ्या लेकींसाठी विनंती कर.